लपविलेले कसब आणि दाखविलेला खेळ

खेळाच्या धंद्याचे तत्त्व तसे साधे असते. ज्याच्या अंगी असामान्य कसब आहे त्याने ते चारचौघांत दाखवावे, ते पाहण्यासाठी लोकांनी पैसे मोजावेत आणि त्या पैशातून खेळाडूचा चरितार्थ चालावा, एवढाच तो व्यवहार. क्रिकेट, टेनिस, कुस्ती हे सारे खेळ याच व्यवहारावर उभे आहेत. परंतु ‘पूल’ नावाच्या मेजावरील खेळाने अमेरिकेत कित्येक दशके नेमका उलटा व्यवहार केला. आपले कसब जगापासून लपवून ठेवणे हेच तेथे निष्णात खेळाडूचे भांडवल होते. ज्या खेळाचे उत्तम खेळाडू आपण उत्तम आहोत हे कोणाला कळू नये म्हणून धडपडतात, त्या खेळाला प्रेक्षक कोठून मिळणार? अमेरिकेत कोट्यवधी लोक पूल हौसेने खेळतात. तरीही त्याच्या व्यावसायिक स्पर्धांना स्थिर प्रेक्षक आणि खेळाडूंना स्थिर मिळकत आजवर सहसा लाभली नाही. त्याचे मूळ या उलट्या व्यवहारात आहे.

खेळ दिसायला सुटसुटीत आहे. नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असे कापडाने मढविलेले मेज, त्याला सहा पॉकेटे, हातात लांब काठी आणि त्या काठीने ढकलायचा एक पांढरा चेंडू. या पांढऱ्या चेंडूने इतर आकडे घातलेले चेंडू पॉकेटात घालावयाचे. पुढे नियमांचे प्रकार अनेक. पण दूरचित्रवाणीवर मुख्यतः दिसतो तो ‘नाइन-बॉल’. त्यात प्रत्येक वेळी मेजावरील सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो आणि नऊ आकड्याचा चेंडू जो नियमानुसार पॉकेटात घालील तो डाव जिंकतो. एक डाव बहुधा काही मिनिटांत संपतो.

नावातच पैज

‘पूल’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी पैजेसाठी एकत्र केलेली रक्कम असा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पूलरूम’ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा अड्डा. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाइकांनी उठून जाऊ नये म्हणून मालकांनी तेथे मेजे मांडली. अड्ड्याचे नाव मेजाला चिकटले आणि मेजाचे खेळाला. मेजे तयार करणाऱ्या कारखानदारांनी आणि खेळाच्या संघटनांनी ‘पॉकेट बिलियर्ड्‌स’ असे सोवळे नाव रूढ करण्याचा पुष्कळ खटाटोप केला. परंतु लोकांच्या तोंडी बसलेले नाव काही गेले नाही.

या वातावरणात वाढलेल्या खेळाडूची विशिष्ट जात म्हणजे ‘हसलर’. अनोळखी गावी जायचे, साध्या कपड्यांत पूलरूममध्ये शिरायचे, पहिले काही डाव मुद्दाम गचाळ खेळून हरायचे आणि समोरच्याची भीड चेपली, पैज वाढली की खरा हात दाखवायचा, ही त्याची रीत. कसब उघड झाले की कोणी पैज लावीत नाही. म्हणून कीर्ती हाच त्याचा शत्रू. वॉल्टर टेव्हिस यांनी १९५९ मध्ये या दुनियेवर ‘द हसलर’ ही कादंबरी लिहिली. तिच्यावरून १९६१ मध्ये पॉल न्यूमन यांची भूमिका असलेला त्याच नावाचा चित्रपट निघाला आणि ओस पडू लागलेल्या पूलरूमना पुन्हा गर्दी झाली. १९८६ मध्ये ‘द कलर ऑफ मनी’ हा त्याचा पुढचा भाग आला, न्यूमन यांना त्याबद्दल ऑस्कर मिळाले आणि पुन्हा एकदा तरुणांची रीघ लागली. परंतु दोन्ही वेळा लोक आले ते खेळण्यासाठी, खेळ पाहण्यासाठी नव्हे. शिवाय धूर, अंधार आणि फसवणूक यांचे जे चित्र या चित्रपटांनी मनावर ठसविले ते सभ्य प्रायोजकांना दूर ठेवण्यास पुरेसे होते.

दोन माणसांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरावी. विली मॉस्कोनी हे १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जगज्जेते झाले. १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात त्यांनी एकही चूक न करता सलग ५२६ चेंडू पॉकेटात घातले. हा अधिकृत विक्रम २०१९ पर्यंत अबाधित होता. ते नेहमी सुटाबुटात खेळत आणि पूलरूमच्या बदलौकिकाचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. दुसरे रुडॉल्फ वांडेरोन. मोठी अजिंक्यपदे त्यांच्या नावावर नव्हती. ‘द हसलर’मध्ये ‘मिनेसोटा फॅट्‌स’ नावाचे एक स्थूल पात्र आहे. ते आपणच, असे सांगून या गृहस्थांनी ते नाव धारण केले आणि तोंडाच्या बळावर ते अमेरिकेतील सर्वांत परिचित पूल-खेळाडू बनले. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात या दोघांचा सामना झाला, तेव्हा तो लक्षावधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. सामना मॉस्कोनी यांनी सहज जिंकला. पण लोकांच्या ध्यानात राहिली ती वांडेरोन यांची अखंड बडबड. लोकांना खेळ नको, तमाशा हवा, असा निष्कर्ष आयोजकांनी त्यातून काढला. तो सोयीचा होता. बरोबर मात्र नव्हता.

सोपे दिसण्याचा शाप

या खेळाच्या प्रेक्षणीयतेत एक अंगभूत अडचण आहे, आणि ती आपल्याकडील कॅरम खेळणाऱ्या कोणालाही चटकन पटेल. सोंगटी घालविणे हे कॅरममधील निम्मे कसब. ती घालवून झाल्यावर पुढची सोंगटी कोठून सोयीची पडेल याचा हिशेब हे उरलेले निम्मे. पूलमध्ये हा हिशेब सर्वस्व आहे. कॅरमचा स्ट्रायकर प्रत्येक वेळी हाताने रेषेवर ठेवता येतो. पूलमधील पांढरा चेंडू मात्र जेथे थांबेल तेथूनच पुढचा फटका मारावा लागतो. म्हणून खरा कसबी खेळाडू पांढऱ्या चेंडूला वर, खाली किंवा बाजूला आघात करून त्याला अशी फिरत देतो की तो पुढच्या चेंडूसमोर नेमका जाऊन उभा राहावा. परिणामी त्याचा प्रत्येक फटका सोपा दिसतो. अवघड आणि नेत्रदीपक फटके बहुधा त्यालाच मारावे लागतात ज्याचा आधीचा हिशेब चुकला आहे.

अजाण प्रेक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, खेळाडू जितका श्रेष्ठ, तितका त्याचा खेळ सपक. पुन्हा येथे प्रतिस्पर्ध्याशी झुंज अशी दिसत नाही. एक जण खेळतो आणि दुसरा खुर्चीवर बसून मुकाट्याने पाहतो. मॉस्कोनी यांच्या काळातील ‘स्ट्रेट पूल’मध्ये एखादा खेळाडू तासभर मेज सोडीत नसे. दूरचित्रवाणीने हा प्रकार बाजूला सारून नाइन-बॉल उचलला तो त्याच्या वेगासाठी. परंतु त्याचीही किंमत आहे. नियमाप्रमाणे योग्य चेंडूला स्पर्श झाल्यावर नऊचा चेंडू केवळ योगायोगाने पॉकेटात घरंगळला तरी डाव जिंकता येतो. प्रेक्षकाला त्यात गंमत वाटते. ज्याने अर्धे आयुष्य सरावात घालविले त्याला मात्र ती चेष्टा वाटते.

तेव्हा प्रेक्षकाला हा खेळ आवडायचा असेल तर आधी तो कळावा लागतो. कोणीतरी त्याला शिकवावे लागते की, चेंडू पॉकेटात गेला याकडे पाहू नकोस, पांढरा कोठे थांबला ते पाहा. हे शिकविण्याचे काम पूलच्या दुनियेत कोणी नेटाने केले नाही. त्याच्याच एका भावंडाच्या बाबतीत ते झाले, आणि त्याचे फळ साऱ्या जगाने पाहिले.

जबलपूरहून शेफील्डला

स्नूकरचा जन्म आपल्या देशातला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो रचला, असे मानले जाते. उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम भिंतीवर लागले. १९२७ मध्ये पहिले व्यावसायिक जगज्जेतेपद जो डेव्हिस यांनी जिंकले तेव्हा त्यांच्या हाती साडेसहा पौंड पडले. १९५७ नंतर सात वर्षे तर ही स्पर्धाच भरली नाही, इतकी या धंद्याला उतरती कळा लागली होती.

यातून स्नूकरला बाहेर काढले ते रंगीत दूरचित्रवाणीने. बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड अॅटनबरो यांना रंगाचे वैभव स्वस्तात दाखवील असा कार्यक्रम हवा होता. हिरव्या मेजावर लाल, पिवळे, निळे, गुलाबी चेंडू घरंगळणारा खेळ त्यासाठी आयताच सापडला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉट ब्लॅक’ या कार्यक्रमात एका फ्रेमचा छोटा सामना असे. समालोचक हलक्या आवाजात सांगे की, आता पांढरा चेंडू कोठे आणावा लागेल आणि तो तेथे का आणावा लागेल. आठवड्यामागून आठवडे घरबसल्या हा पाठ घेऊन ब्रिटनमध्ये जाणता प्रेक्षक तयार झाला. १९७६ मध्ये ‘एम्बसी’ सिगारेटचा पैसा जगज्जेतेपदाच्या स्पर्धेस मिळू लागला. १९७७ पासून ही स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल या जेमतेम हजारभर आसनांच्या नाट्यगृहात भरू लागली आणि आजही तेथेच भरते. १९८५ मध्ये स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर यांच्यातील अंतिम सामना पस्तिसाव्या, म्हणजे अखेरच्या फ्रेमच्या अखेरच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला. मध्यरात्र उलटून गेली होती. तरीही १ कोटी ८५ लाख लोक जागे राहून तो पाहत होते. त्यांत कोणी धावत नव्हते, कोणी कोणाला ढकलीत नव्हते. पण काळा चेंडू चुकला म्हणजे काय झाले, हे त्या प्रत्येकाला कळत होते.

स्नूकरचा कारभार निर्मळ होता, असे मात्र कोणी समजू नये. प्रारंभी तो तंबाखूच्या पैशावर उभा राहिला. २००५ नंतर कायद्याने तो पैसा बंद झाला तेव्हा काही वर्षे सट्टा घेणाऱ्या कंपनीचे नाव जगज्जेतेपदाला चिकटले. २०२३ मध्ये सामने निश्चित करण्याच्या प्रकरणात चीनच्या दहा खेळाडूंवर बंदी आली आणि त्यांपैकी दोघांवर ती जन्मभराची होती. परंतु येथे प्रकरण दडपले गेले नाही. चौकशी झाली, निर्णय जाहीर झाला. याच प्रकरणात वीस महिन्यांची शिक्षा भोगून परतलेला झाओ शिनटाँग २०२५ मध्ये जगज्जेता झाला आणि त्याला पाच लाख पौंड मिळाले. साडेसहा पौंडांपासून पाच लाखांपर्यंतचा हा प्रवास एखाद्या धनिकाच्या लहरीतून घडलेला नाही. तीच स्पर्धा, तेच ठिकाण, ठरलेला काळ आणि वेळेवर मिळणारी रक्कम यांची वर्षानुवर्षांची शिस्त त्यामागे आहे.

आश्वासनांचा बाजार

पूलच्या इतिहासात नेमकी हीच शिस्त आढळत नाही. १९९६ मध्ये डॅलस येथे सलग दहा डाव प्रतिस्पर्ध्याला संधी न देता जिंकणाऱ्यास दहा लाख डॉलर, अशी घोषणा झाली. अर्ल स्ट्रिकलंड या खेळाडूने सलग अकरा डाव जिंकून दाखविले. तेव्हा या बक्षिसाचा विमा उतरविणाऱ्या कंपनीने रक्कम देण्यास खळखळ केली आणि विजेत्याच्या वाट्याला समारंभाऐवजी कोर्टकचेरी आली. त्याच दशकात ‘कॅमल’ सिगारेटच्या पैशावर पुरुषांची एक स्पर्धामालिका सुरू झाली. कंपनीने हात काढून घेताच ती आटोपली.

सर्वांत बोलका प्रसंग २००६ चा. केव्हिन ट्रूडो या अमेरिकन जाहिरातबहाद्दर धनिकाने ‘इंटरनॅशनल पूल टूर’ नावाची मालिका काढली. रीनो येथील स्पर्धेत विजेत्यास पाच लाख डॉलर जाहीर झाले होते. पूलमध्ये असा आकडा पूर्वी कोणी ऐकला नव्हता. जगभरचे खेळाडू स्वतःच्या खर्चाने आले, प्राण पणाला लावून खेळले. स्पर्धा संपल्यावर त्यांना कळविण्यात आले की, तूर्त पैसे नाहीत, हप्त्याहप्त्याने मिळतील. पाठोपाठ ती मालिकाच गुंडाळली गेली. पुढे २०१४ मध्ये याच ट्रूडो यांना पुस्तकविक्रीच्या एका वेगळ्या प्रकरणात न्यायालयाच्या अवमानाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली.

कारकून असो वा शिक्षक, महिनाअखेर पगार मिळेल या भरवशावरच त्याचा संसार उभा असतो. तो भरवसा नसलेला व्यावसायिक खेळाडू काय करणार? तो पुन्हा पूलरूमकडे वळतो, कारण तेथील पैज निदान रोख असते. व्यवसाय असा अप्रामाणिक निघाला की, जुगारच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटू लागतो. पूलची खरी शोकांतिका ही आहे.

टोपणनावाकडून नावाकडे

त्या शोकांतिकेचा आणि तीतून निघणाऱ्या वाटेचाही साक्षीदार म्हणून फिलिपीन्सच्या एफ्रेन रेयेस यांच्याकडे बोट दाखविता येईल. गरीब घरातील हा मुलगा मॅनिलामध्ये मामाच्या पूलरूममध्ये वाढला आणि रात्री मेजावरच झोपला. १९८५ मध्ये रेयेस अमेरिकेत आले ते ‘सेझार मोरालेस’ हे खोटे नाव घेऊन. कारण त्यांच्या खऱ्या नावाची कीर्ती पोहोचली असती तर त्यांच्याशी पैज लावण्यास कोणी पुढे आले नसते. जगातील बहुधा सर्वश्रेष्ठ अशा खेळाडूला पोटासाठी आपले नाव लपवावे लागले, यापेक्षा या धंद्याची कठोर समीक्षा कोणती असू शकेल? पण १९९४ मध्ये हेच रेयेस अमेरिकेची खुली नाइन-बॉल स्पर्धा जिंकणारे पहिले परदेशी खेळाडू ठरले, आणि १९९९ मध्ये कार्डिफ येथे ते जगज्जेते झाले. फिलिपीन्समध्ये त्यांचा विजय दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचला आणि त्यांचे नाव राष्ट्राचे भूषण बनले. रीनोची ती पाच लाखांची स्पर्धा जिंकणारेही रेयेसच होते. नाव लपवून मिळविलेल्या पैशापेक्षा नाव उघड करून मिळविलेला मान मोठा होता. त्या मानाच्या जोडीस जाहीर केलेली रक्कम वेळेवर देण्याची मात्र आयोजकांची तयारी नव्हती.

फिलिपीन्समध्ये पूलला प्रेक्षक आहे, कारण तेथे मेज गल्लीबोळांत आहे आणि भोवती उभा राहणारा माणूस जाणता आहे. आपल्याकडे नेमके उलटे झाले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्‌सचे जगज्जेतेपद मिळविले. वैयक्तिक खेळात जगज्जेते होणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून मुंबईचे मायकेल फरेरा, मग गीत सेठी आणि पुण्यातच जन्मलेले पंकज अडवाणी यांनी ही परंपरा उज्ज्वल केली. परंतु आपले मेज दीर्घकाळ जिमखान्याच्या दाराआड राहिले. विजेत्यांची नावे वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक झाली. त्यांचा खेळ मात्र फार थोड्यांनी पाहिला. एकीकडे मेज बदनाम अड्ड्यात आणि दुसरीकडे प्रतिष्ठितांच्या क्लबात. सामान्य प्रेक्षकाला दोन्ही ठिकाणी मज्जाव, एवढे साम्य या दोन टोकांत आहे.

राजाश्रय की लोकाश्रय?

अलीकडच्या काळात पूलला नवे दिवस दिसू लागले आहेत. ब्रिटनमधील बॅरी हर्न हे मूळचे हिशेबनीस. त्यांनी १९७४ मध्ये बिलियर्ड्‌सच्या दिवाणखान्यांची एक साखळी विकत घेतली, तेथेच त्यांना तरुण स्टीव्ह डेव्हिस सापडला आणि त्यांच्या ‘मॅचरूम’ या संस्थेने स्नूकरचा व्यवसाय भरभराटीस आणण्यात मोठा वाटा उचलला. याच संस्थेने १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका असा ‘मॉस्कोनी चषक’ भरविला. त्यात फटक्यास वेळेची मर्यादा असते, संघभावना असते आणि प्रेक्षकांना मनसोक्त आरडाओरडा करण्याची मुभा असते. सुटाबुटातील मॉस्कोनी यांच्या नावाने असा गोंगाट व्हावा ही नियतीची गंमत म्हणावी लागेल. परंतु तिकिटे काढून लोक येतात, हेही खरे. २०२४ मध्ये जगज्जेतेपदाची स्पर्धा सौदी अरेबियातील जेद्दा येथे झाली. तिची एकूण बक्षिसे दहा लाख डॉलरची होती आणि विजेत्यास अडीच लाख मिळाले.

ही रक्कम आनंदाची खरी. परंतु ती प्रेक्षकांच्या खिशातून आलेली नाही, तो राजाश्रय आहे. राजाश्रय वाईट असतो असे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणणार नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान उभारले नसते तर आपली कुस्ती कोठे असती? पण त्या मैदानात बसणाऱ्या शेतकऱ्याला डाव आणि प्रतिडाव यांतला फरक कळत होता, म्हणून राजा गेल्यावरही कुस्ती टिकली. आश्रयदाता पायरी बांधून देतो. त्या पायरीवर येऊन बसणारा जाणता माणूस नसेल तर आश्रय आटताच मैदानावर गवत उगवते.

पूलच्या चालकांनी म्हणून दोन गोष्टी ध्यानी घेणे अगत्याचे आहे. जाहीर केलेले बक्षीस स्पर्धेपूर्वी विश्वस्ताच्या हाती ठेवावे आणि स्पर्धा संपताच चुकते करावे. कोर्टकचेऱ्या आणि हप्ते यांनी या खेळाची जेवढी बेअब्रू केली तेवढी धुरकट पूलरूमनीही केली नसेल. दुसरे असे की, दिव्यांचा झगमगाट आणि खेळाडूंची भांडणे दाखविण्यापेक्षा पांढरा चेंडू कोठे थांबला आणि का थांबला, हे प्रेक्षकाला धीराने समजावून सांगावे. पहिल्या गोष्टीने खेळाडू जुगारापासून सुटेल. दुसरीने प्रेक्षक खेळाला धरून राहील. कसब लपविण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना ते उजळ माथ्याने दाखविता यावे आणि त्यावर सन्मानाने जगता यावे, एवढे जरी साधले तरी या खेळाने आपल्या नावातील पैज जिंकली असे म्हणता येईल.